थडग्यातल्या वस्तूंचे छायाचित्र काढू नये, या चिनी समजुतीचे मूळ कशात आहे?

प्रवासिनी

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षांपासून चीनमधल्या सुझौ शहरात राहते आणि सुट्टी मिळाली की तिथली वस्तुसंग्रहालये पाहत फिरते. या संग्रहालयांत मांडलेल्या प्राचीन वस्तूंपैकी फार मोठा भाग थडग्यांतून निघालेला असतो. मातीचे घोडे, नर्तकी, धान्याची कोठारे, चुली, अगदी शौचालयासह बांधलेली डुकरांची खुराडीसुद्धा मृतासोबत पुरलेली सापडतात. बहुतेक ठिकाणी फ्लॅश न वापरता छायाचित्रे काढायला परवानगी असते आणि लोक ती मनसोक्त काढतात.

मात्र माझ्यासोबत येणाऱ्या चिनी सहकाऱ्यांमध्ये काही ठरलेले संकेत मला पुन्हा पुन्हा दिसले. वस्तूचे छायाचित्र एक वेळ चालते, पण तिच्या शेजारी उभे राहून कोणी स्वतःचे काढून घेत नाही. शवपेटीकडे मोबाइल रोखला जात नाही. बरोबर गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल, तर ती मंडळी त्या दालनात शिरतच नाहीत. एखाद्याने हौसेने छायाचित्र काढलेच, तरी ते मोबाइलच्या पडद्यावर ठेवायचे नाही, असे त्याला बाकीचे बजावतात. कारण विचारले की ‘तिथे यिन, म्हणजे अंधार आणि मृत्यूशी जोडलेली ऊर्जा, फार असते’ एवढेच उत्तर मिळते आणि विषय बदलला जातो.

माझा प्रश्न असा आहे की, कॅमेरा चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात आला, थडगी मात्र हजारो वर्षांची आहेत, तर मग ही समजूत नेमकी किती जुनी मानायची? माझा अंदाज असा की भीती मूळची वस्तूची आहे आणि कॅमेरा तिला नंतर येऊन चिकटला. जाणकारांनी मत द्यावे.

चहाटळ

डुकरांच्या खुराड्याचे छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर न ठेवण्यासाठी यिन ऊर्जेचे कारण कशाला हवे, हे मला समजले नाही. बाकी धागा उत्तम आहे, वाचतो आहे.

जुनीपाने

प्रवासिनी, तुमचा अंदाज बरोबर दिशेने आहे असे मला वाटते आणि त्याला चांगला जुना पुरावाही आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे पूर्वेकडील हान राजवटीच्या काळात, थडग्यांमध्ये मातीचे लहान घडे ठेवले जात आणि त्यांच्यावर शेंदरी रंगाने मजकूर लिहिलेला असे. त्याचा सूर आपल्याला वाटतो तसा शोकाचा नसून सरकारी हुकमाचा आहे. जिवंत माणसे पश्चिमेकडच्या छांगआन या जुन्या राजधानीच्या अखत्यारीत, मेलेली पूर्वेकडच्या थायशान पर्वताच्या अखत्यारीत. दोघांच्या वाटा वेगळ्या, कोणी कोणाला उपद्रव देऊ नये, अशा अर्थाची वाक्ये त्यांवर पुन्हा पुन्हा आढळतात. काही थडग्यांत तर मृताने भूदेवतेकडून आपल्या जागेची रीतसर खरेदी केल्याचे खतही सापडते. म्हणजे मृताच्या हद्दीत जे गेले ते त्याच्या नावावर चढले, असा हा चोख व्यवहार आहे.

दुसरा धागा कन्फ्यूशियस परंपरेतला आहे. मृतासोबत पुरण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या वस्तूंना तिकडे ‘मिंगची’ म्हणतात. ‘लीजी’ या विधिग्रंथात अशा वस्तू कशा असाव्यात ते सांगितले आहे: बांबूची भांडी वापरण्याजोगी नसावीत, मातीच्या भांड्यांवर सफाई नसावी, वीणेला तारा असाव्यात पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात, घंटा असाव्यात पण त्या टांगायला चौकट नसावी. हेतू हा की वस्तू पाहताच ती जिवंतांच्या वापराची नव्हे हे कळावे. त्याच ग्रंथात गवताच्या बाहुल्या पुरणाऱ्यांना कन्फ्यूशियसने बरे म्हटले आहे, आणि हुबेहूब माणसासारख्या आकृती पुरणाऱ्यांना निर्दय ठरवले आहे, कारण त्यातून जिवंत माणसे पुरण्याची आठवण होते.

अशी समजूत रुजलेल्या समाजात मृताच्या ‘मालकीच्या’ वस्तूजवळ उभे राहून हसत छायाचित्र काढणे खटकले, तर त्यात नवल नाही.

तर्ककठोर

जुनीपाने, माहिती उत्तम आहे, पण दुसऱ्या शतकातला घडा आणि आजचा मोबाइल यांना एका उडीत जोडणे मला पटत नाही. मधल्या अठराशे वर्षांचे काय? चीनमध्ये थडगी लुटण्याचा धंदा थडग्यांइतकाच जुना आहे. मृताच्या मालकीची एवढी भीती असती, तर ल्वोयांग या प्राचीन राजधानीच्या परिसरातल्या डोंगरउताराची चाळण झाली नसती. जमिनीतली माती नमुन्यासाठी वर काढणारे जे लांब दांड्याचे फावडे आज चिनी पुरातत्त्वज्ञ वापरतात, ते मुळात तिथल्या थडगेचोरांचे हत्यार आहे, आणि त्याचे नावच ल्वोयांग फावडे आहे.

माझ्या मते या ‘संकेतां’पैकी निम्मे तरी गेल्या वीस वर्षांतले आहेत. २००६ च्या सुमारास थडगेचोरांवरच्या साहसकथा चिनी इंटरनेटवर प्रचंड गाजल्या, पुढे त्यांच्यावर चित्रपट आणि मालिका आल्या. थडग्याच्या आग्नेय कोपऱ्यात मेणबत्ती लावायची, ती विझली तर काही न घेता परत फिरायचे, असले नियम आज तिथल्या तरुणांना तोंडपाठ आहेत आणि ते पूर्वजांकडून नव्हे तर या कथांमधून आलेले आहेत. तुमच्या सहकाऱ्यांनी आजीकडून काय ऐकले आणि मोबाइलवर काय वाचले, हे आधी वेगळे करायला हवे.

दख्खनी

तर्ककठोर यांनी मधल्या काळाचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण खरा सांधा तिथेच आहे. मी पुरातत्त्वशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि छायाचित्रणाच्या इतिहासाची आवड असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याची भीती चीनमध्ये स्वतंत्रपणे होती. १८७० साली त्येनचिनमध्ये ख्रिस्ती अनाथालयावर जमाव चालून गेला आणि मोठी कत्तल झाली, त्याच्या आधी शहरात अफवा होती की परदेशी जोगिणी मुलांचे डोळे काढतात. या डोळ्यांचा उपयोग छायाचित्रणाच्या रसायनांत होतो, अशीही एक अफवा त्या काळात फिरत असे. जॉन थॉमसन हा स्कॉटिश छायाचित्रकार त्याच सुमारास चीनभर हिंडत होता. त्याने लिहून ठेवले आहे की लोक त्याला भूमीची लक्षणे जाणणारा घातक मांत्रिक समजत आणि त्याचा कॅमेरा खडक-डोंगरांच्या आरपार पाहतो, माणसाच्या आत्म्याचा वेध घेतो असे मानत. लू शुन या थोर लेखकाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आपल्या गावाकडच्या अशाच समजुतींची खिल्ली उडवली आहे. छायाचित्र काढले की माणसाचे तेज जाते, म्हणून नशीब जोरावर असताना तर मुळीच काढू नये. आणि कमरेपर्यंतचे अर्धे छायाचित्र तर फारच अशुभ, कारण ते कमरेतून कापल्यासारखे दिसते.

आता गंमत पाहा. या सगळ्या समजुतींत कॅमेरा माणसाकडून काहीतरी काढून घेतो. प्रवासिनी सांगतात त्या समजुतीत मात्र कॅमेरा थडग्याकडून काहीतरी माणसाकडे आणतो. दिशा उलटी झाली आहे. त्यामुळे ‘कॅमेरा आत्मा खेचतो’ ही जुनी भीतीच पुढे चालत आली, असे सरसकट म्हणता येत नाही.

ही दिशा उलटण्यामागे मला एक कारण दिसते. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत, श्रीमंत घरांत पूर्वजांची चित्रे रंगवून घेत आणि ठरावीक दिवशी ती भिंतीवर लावून पूजत. विसाव्या शतकात त्यांची जागा छायाचित्रांनी घेतली. आज चिनी घरात माणूस गेला की त्याचे समोरून काढलेले छायाचित्र चौकटीत बसवून देव्हाऱ्याशी किंवा अंत्यविधीच्या ठिकाणी ठेवतात, त्याच्यासमोर फळे आणि उदबत्ती असते. म्हणजे छायाचित्र हे मृताला घरात जागा देण्याचे नेहमीचे साधन झाले. असे असताना, दोन्ही बाजूंना पुरण्याच्या बाहुल्या, मध्ये समोर पाहणारा तुमचा चेहरा, असे छायाचित्र चिनी डोळ्याला कशासारखे दिसत असेल, याचा विचार करा. माझ्या मते ‘वस्तूचे चालेल, तिच्यासोबत माझे नको’ या भेदाचा उगम इथे आहे.

रेवा

दख्खनी, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मनस्विनी

मी लग्नानंतर हाँगकाँगला आहे आणि माझ्या सासरची मंडळी कँटनी आहेत, त्यामुळे घरातले पाहून सांगते. इथे प्रत्येकाच्या जन्मवेळेवरून आठ अक्षरे काढतात आणि त्यांवरून कोणाची पत्रिका ‘जड’ आहे, कोणाची ‘हलकी’ आहे, ते ठरवतात. हलक्या पत्रिकेच्या माणसाला बाधा लवकर होते असा समज आहे. त्यामुळे संग्रहालयातले नियम सर्वांना सारखे लागू होत नाहीत. माझा दीर बिनधास्त छायाचित्रे काढतो, नणंदेला मात्र सासूबाई आधीच तंबी देऊन पाठवतात. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे भुतांच्या महिन्यात, दोघांनाही बंदी असते.

घरी आल्यावर काय करायचे तेही ठरलेले आहे. कोणाच्या अंत्यविधीहून आल्यावर पपनसाच्या पानांच्या पाण्याने हातपाय धुतात, तेच इथेही करतात. सासूबाईंच्या समाधानासाठी मीही धुते. पपनसाच्या पानांचा वास छान असतो, त्यामुळे तक्रार नाही.

तर्ककठोर, यातले काहीही त्यांनी इंटरनेटवर वाचलेले नाही. त्यांना मोबाइलवर फक्त फोन घेता येतो.

चहाटळ

म्हणजे आपल्याकडे राक्षसगणाच्या माणसालाच भुते दिसतात म्हणतात, तसा हा हिशेब झाला. माझा राक्षसगण आहे, हे लग्न ठरताना दोन्हीकडच्या मंडळींनी मला पुरेपूर ऐकवले आहे. शिआनला गेलो तर पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांसमोर उभे राहून सगळ्यांची छायाचित्रे काढून देण्याची सेवा विनामूल्य करीन.

जुनीपाने

शिआनचा विषय निघालाच आहे तर एक शवपेटी सांगायलाच हवी. १९५७ साली शिआनमध्ये ली चिंगश्वुन नावाच्या एका मुलीचे थडगे सापडले. ती ६०८ साली, सुई राजवटीच्या काळात, नऊ वर्षांची असताना वारली. तिची आजी यांग लीहुआ ही आधीच्या राजवटीची सम्राज्ञी आणि सुई राजवंशाच्या संस्थापकाची मुलगी होती. नातीवर तिचा अतोनात जीव होता, त्यामुळे तिच्यासाठी घरासारख्या घाटाची दगडी शवपेटी घडवली गेली: वर कौलांचे छप्पर कोरलेले, दारे-खिडक्या कोरलेल्या, दारापाशी सेवक कोरलेले. आणि त्याच पेटीवर चार अक्षरे कोरून ठेवली आहेत, ज्यांचा सरळ अर्थ ‘उघडणारा तत्काळ मरेल’ असा आहे.

ही पेटी आज शिआनच्या शिलालेखांच्या संग्रहालयात आहे. मुलीच्या गळ्यातला रत्नजडित सोन्याचा हार पेइचिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो तिथल्या सर्वांत जास्त छायाचित्रे काढल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी असावा, इतकी त्याच्यासमोर गर्दी असते. शाप पेटीवर आहे, हारावर नाही, असा पोटनियम लोकांनी काढलेला दिसतो.

तर्ककठोर

आणि ज्यांनी ती उघडली, ते पुरातत्त्वज्ञ तत्काळ मेले का? कोणाचीच तशी नोंद नाही. शापाचा लेख हा त्या काळचा सुरक्षा-फलक होता, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या जातीचा.

शापांच्या बाबतीत खरी प्रसिद्धी मिळाली ती पेइचिंगजवळच्या तिंगलिंगला. तिथे मिंग सम्राट वानली आणि त्याच्या दोन सम्राज्ञी यांचे भूमिगत थडगे १९५६ ते १९५८ या काळात उघडले गेले. पुढे मूळ शवपेट्या जीर्ण झाल्या म्हणून त्यांच्या जागी नव्या नकला ठेवल्या आणि मूळ पेट्या मागच्या घळीत फेकून दिल्या. त्यांचे मौल्यवान लाकूड आसपासच्या गावकऱ्यांनी उचलून नेले, आणि त्या लाकडाच्या वस्तू ज्यांनी बनवल्या त्यांच्या घरात मृत्यू झाले, अशी कथा आजही चवीने सांगतात. या उत्खननाचा आग्रह धरणारे इतिहासकार वू हान १९६९ साली तुरुंगात मरण पावले, हेही त्याच यादीत घालतात. आता वू हान यांचा बळी माओच्या सांस्कृतिक क्रांतीने घेतला. त्या वर्षांत ज्यांनी कधी थडग्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते असे असंख्य लोक तसेच मेले. उलट त्याच काळात, १९६६ साली, रेड गार्ड म्हणवणाऱ्या माओवादी तरुणांनी सम्राटाचा आणि दोन्ही सम्राज्ञींचा सांगाडा बाहेर ओढून जाळला. शापच द्यायचा होता तर तो त्या दिवशी द्यायला हवा होता.

तिंगलिंगमधून बाहेर काढलेली रेशमी वस्त्रे त्या वेळच्या अपुऱ्या तंत्रामुळे कडक होऊन विटली, हे खरे नुकसान आहे. सम्राटांची थडगी आपणहून उघडायची नाहीत हे धोरण चीनने त्यानंतर स्वीकारले. पहिला सम्राट छिन शी हुआंग याची मुख्य कबर अजून बंद आहे ती या कारणाने, भुताच्या भयाने नव्हे.

दख्खनी

तर्ककठोर यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक सांगतो, कारण या धाग्यात छायाचित्राची बाजू कोणी मांडलेली नाही.

१९७१ च्या अखेरीस हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगतुई इथे लष्करी रुग्णालयासाठी भुयारी निवारा खोदत असताना जमिनीतून वायू येऊ लागला आणि काडी लावताच निळी ज्योत पेटली. अशा थडग्यांना तिकडचे लोक फार पूर्वीपासून आगीचे थडगे म्हणून ओळखतात. हवाबंद जागेत सेंद्रिय पदार्थ कुजून साठलेला तो ज्वलनशील वायू होता, पण अंधारात जमिनीतून निळी ज्योत उठताना पाहिलेल्या माणसाने घरी जाऊन काय सांगितले असेल, ते समजण्यासारखे आहे.

१९७२ साली तिथे शिन झुई या हान काळातल्या सरदारपत्नीचे शव सापडले, ते एकवीसशे वर्षांनंतरही मऊ राहिले होते. तिच्या अन्ननलिकेत आणि जठरात खरबुजाच्या १३८ बिया निघाल्या. तिच्यासोबत पुरलेला पातळ रेशमी झगा पन्नास ग्रॅमहूनही कमी वजनाचा आहे. मला मात्र या सगळ्याहून एक लाखेचे भांडे जास्त महत्त्वाचे वाटते. तीन पायांच्या त्या भांड्याचे झाकण उघडले, तेव्हा आत पाणी होते आणि पाण्यावर कमळाच्या कंदाच्या, म्हणजे आपण ज्याला कमळकाकडी म्हणतो तिच्या, चकत्या तरंगत होत्या. भोके असलेल्या गोल चकत्या, नुकत्याच चिरल्यासारख्या. भांडे हलवताच त्या विरू लागल्या आणि संग्रहालयात पोहोचेपर्यंत आत नुसते गढूळ पाणी उरले. त्या चकत्या आज फक्त छायाचित्रात आहेत. कोणी तरी त्या क्षणी बटण दाबले म्हणून.

उत्खननात छायाचित्र काढणे हा विधीइतकाच काटेकोर प्रकार असतो. वस्तू उचलण्याआधी भोवतालची माती कुंच्याने झाडून घेतात, शेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी ठेवतात, उत्तर दिशेचा बाण ठेवतात, खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवतात, ऊन तिरपे पडत असेल तर दोघे जण कापड ताणून सावली धरतात. त्यात कोणाचा पाय दिसला तर पुन्हा काढावे लागते. मातीच्या सैन्याच्या बाबतीत तर घाईही असते. सैनिकांच्या अंगावरचा रंग लाखेच्या थरावर दिलेला आहे आणि माती बाजूला होताच तो थर सुकून काही मिनिटांत गुंडाळत सुटतो. गुलाबी, तांबडे, अगदी एक हिरवा चेहरासुद्धा सापडला आहे. रंग टिकवण्यासाठी आता रसायने फवारून वर प्लॅस्टिक लपेटतात, पण आधी छायाचित्र घ्यावेच लागते.

जुनीपाने

दख्खनी, हे सारे मान्य आहे. पण तुम्ही सांगता त्या छायाचित्रात माणूस नसतो, उलट कोणाचा पायही येऊ नये याची खबरदारी घेतात. म्हणजे प्रवासिनींच्या सहकाऱ्यांचा नियम तुमचे पुरातत्त्वज्ञ अधिकच कडकपणे पाळतात.

दख्खनी

हे मला सुचले नव्हते. अर्थात त्यांची कारणे वेगळी आहेत, पण मुद्दा बिनतोड आहे.

रेवा

माझी एक शंका आहे. मी असे वाचले होते की चिनी संग्रहालयांत काशाचे आरसे नेहमी पालथे मांडतात, कारण थडग्यातल्या आरशात स्वतःचे तोंड पाहिले किंवा त्याचे छायाचित्र काढले तर त्यात शेवटी पाहिलेला माणूस दिसतो. हे खरे आहे का?

जुनीपाने

रेवाताई, चिनी इंटरनेटवर ही कथा फार लोकप्रिय आहे, आणि आरसे पालथे असतात हे निरीक्षणही बरोबर आहे. कारण मात्र साधे आहे. या आरशांची सगळी कलाकुसर मागच्या बाजूला असते: ड्रॅगन, चार दिशांचे प्राणी, शुभवचने, मध्ये दोरी ओवायची गुंडी. चेहरा पाहायची बाजू नुसती सपाट असते आणि दोन हजार वर्षे मातीत राहून ती हिरवी पडलेली असते, तिच्यात कोणाचेही तोंड दिसत नाही. आरसा सुलटा मांडला तर प्रेक्षकांना गंजलेली थाळी पाहावी लागेल.

तरीही आरशाचा थडग्याशी संबंध खरा आहे. दुष्ट शक्तींना परतवण्यासाठी आरसा हे जुने साधन होते आणि तो मृताच्या जवळ ठेवत. म्हणजे कथा रचणाऱ्याने अगदीच हवेतून काही आणलेले नाही.

घाटमाथा

विषयाला धरूनच सांगतो. आमच्या एका नातेवाइकाने शिआनहून मातीच्या सैनिकाची हातभर उंचीची प्रतिकृती आणली आणि डोंबिवलीच्या घरात टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये उभी केली. गणपतीत त्याला मखरापाशी द्वारपाल म्हणून ठेवतात. पुढे त्यांच्या कंपनीतले एक चिनी अभियंते जेवायला आले. ते त्या सैनिकाकडे पाहून इतके अस्वस्थ झाले की पुरणपोळीही नीट खाल्ली नाही. बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी सांगितले की, ही मृताच्या चाकरीची वस्तू आहे, जिवंत माणसाच्या घरात ती ठेवत नाहीत, पर्यटकांनाच विकतात.

त्यावर आमच्या वहिनींनी विचारले की, मग आता याला विसर्जित करावे काय?

तर्ककठोर

घाटमाथा, विसर्जन करू नये, भट्टीत भाजलेली माती विरघळत नाही.

त्या अभियंत्यांचे म्हणणे मात्र खरे आहे, आणि त्याला बाजाराचा पुरावा आहे. थांग राजवटीच्या काळातली (सातवे ते दहावे शतक) तिरंगी झिलईची घोडे-उंटांची मातीची शिल्पे आज जगभर नावाजली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी ल्वोयांगजवळ रेल्वेमार्ग खोदताना ती मोठ्या प्रमाणात निघाली, तेव्हा मजुरांनी अशुभ म्हणून कित्येक फोडून टाकली असे सांगतात. पेइचिंगच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ती पोहोचली आणि विद्वानांच्या नजरेस पडली, तेव्हा कुठे त्यांना मोल आले. तरीही चिनी संग्राहक दीर्घकाळ त्यांना घरात घ्यायला कचरत होते, आणि ती युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत गेली. ब्रिटिश रेल्वेच्या निवृत्तिवेतन निधीने गुंतवणूक म्हणून घेतलेला असा एक घोडा १९८९ साली लंडनच्या लिलावात ३७ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेला. चीनमध्ये रेल्वे खोदताना जी वस्तू फुटत होती, तिच्यावर इंग्लंडच्या रेल्वे कामगारांचे निवृत्तिवेतन पोसले गेले, हा योगायोग मला कुठल्याही शापापेक्षा रंजक वाटतो.

प्रवासिनी

सर्वांचे आभार. धागा इतका भरभरून वाहील असे वाटले नव्हते. एक भर घालते. हपेइ प्रांतातल्या शिज्याच्वांग शहरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या समाधीवर मी गेले होते. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली चीनला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तिथे मला सहकाऱ्यांनी स्वतः होऊन समाधीजवळ उभे केले आणि माझी छायाचित्रे काढली, स्वतःचीही काढली. मग त्याच प्रांतातल्या मानछंगच्या थडग्यांची आठवण काढली तर पुन्हा सगळे गप्प. तिथे १९६८ साली ल्यू शंग या राजपुत्राचा जेडच्या २४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाख सापडला होता. समाधी चालते आणि थडग्यातला पोशाख चालत नाही, हे कसे?

मनस्विनी

प्रवासिनी, कोटणीसांची समाधी हुतात्म्यांच्या स्मारकात आहे. तिथे सरकारी मंडळी फुले वाहतात, शाळांच्या सहली येतात, आणि छायाचित्र काढणे हा मानवंदनेचाच भाग असतो. ज्याला मान देणारे लोक आहेत, त्याच्याकडून कोणाला उपद्रव होत नाही असा समज आहे. भीती असते ती ज्याची वंशावळ संपली, ज्याला चिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडून पूजण्याच्या, दिवशी कोणी विचारत नाही आणि ज्याच्या वस्तू परक्यांनी बाहेर काढल्या, त्याची. कुटुंबाच्या दफनभूमीत चिंगमिंगला गेल्यावर मात्र आमच्या सासूबाई तिथेही हसत समूहचित्र काढू देत नाहीत. झाडलोट करायची, जेवण वाढायचे, कागदी पैसे जाळायचे आणि घरी यायचे.

दख्खनी

मनस्विनी, मूळ प्रश्नाचे मला पटलेले पहिले उत्तर हे आहे. आपण सगळे वस्तूवर आणि कॅमेऱ्यावर बोलत राहिलो, पण भेद त्या मृताला वाली आहे की नाही, यावर ठरतो. १९७० च्या दशकात सापडलेल्या मातीच्या सैन्याच्या खड्ड्यांत आरंभी वर्षानुवर्षे पर्यटकांना छायाचित्रे काढू देत नसत. परदेशी प्रवासी त्यातही अंधश्रद्धा शोधत, पण ते प्रशासकीय बंधन होते आणि पुढे ते उठले. आज तिथे लोक दिवसभर स्वतःची छायाचित्रे काढतात, कारण ते सैन्य आता राष्ट्राचे झाले आहे, त्याला वाली मिळाला आहे. सिच्वान प्रांतातल्या सान्शिंगतुई या प्राचीन स्थळाचे खड्डे तर २०२१ साली दूरचित्रवाणीवरून थेट दाखवले गेले आणि साऱ्या देशाने ते जेवता जेवता पाहिले. ते थडगे नसून यज्ञबळीचे खड्डे आहेत, हाही फरक तिथल्या लोकांनी आवर्जून सांगितला.

तर्ककठोर

हे मलाही मान्य करण्याजोगे वाटते. फक्त एवढे म्हणेन की प्रत्येक माणसाची कारणे वेगळी असतात. गरोदर बाई दालनात जात नाही, यात निम्मा भाग गर्दी आणि कोंदट हवेचाही असू शकतो.

प्रवासिनी

पुढच्या महिन्यात आम्ही चांगशाला जाणार आहोत, त्यामुळे एक व्यावहारिक प्रश्न विचारते. काचेच्या पेटीतल्या वस्तूचे छायाचित्र चांगले यावे यासाठी काय करावे? माझी नेहमी चमकतात.

दख्खनी

फ्लॅश बंद ठेवा, तो रेशमाला आणि रंगांना घातक म्हणून मना असतो आणि काचेवर चमक आणण्यापलीकडे त्याचा काही उपयोगही नसतो. गडद रंगाचे कपडे घाला. मोबाइल काचेच्या शक्य तितका जवळ धरा, नाहीतर काचेत तुमचेच प्रतिबिंब उमटते आणि छायाचित्रात वस्तूच्या शेजारी तुमचा चेहरा येतो.

रेवा

म्हणजे आजवर त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फक्त वस्तूचे’ म्हणून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात ते स्वतःही असणार!

चहाटळ

प्रवासिनी, हे त्यांना चांगशाला जाण्यापूर्वी सांगणार की आल्यावर?

प्रवासिनी

मुळीच सांगणार नाही. पपनसाची पाने सुझौच्या बाजारात सहज मिळत नाहीत.